‘फास्ट’ म्हणजे दर वेळी ‘जलद’ नव्हे: या चुका टाळा

फास्ट लोकल, फास्ट बोलर आणि फास्ट फूड यांच्यामुळे ‘फास्ट’चा ‘जलद’ हा एकच अर्थ आपल्या डोक्यात बसलेला असतो, आणि चूक होते ती नेमकी तिथेच. या शब्दाचा मूळ अर्थ वेगाशी संबंधित नसून ‘घट्ट, पक्का, जागचा न हलणारा’ असा आहे.

याचा सर्वांत त्रासदायक घोटाळा वैद्यकीय अहवालात होतो. क्षयाच्या संशयावरून थुंकी तपासली, की अहवालात ‘अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय’ असे शब्द येतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हे शब्द वाचून, जंतू शरीरात झपाट्याने पसरत आहेत असा अर्थ लावला आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत घर डोक्यावर घेतले. प्रत्यक्षात तिथे वर्णन असते ते रंगाच्या चिकाटीचे. काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर देऊन त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग चढवतात आणि मग ती पट्टी आम्लाने धुतात. इतर बहुतेक जंतूंचा रंग निघून जातो, पण क्षयाच्या जंतूचे आवरण मेणचट असल्यामुळे तो आम्लालाही दाद देत नाही. वाढीच्या वेगाचेच म्हणाल, तर हा जंतू चांगलाच संथ आहे: ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी साधारण 15 ते 20 तास लागतात.

कापडावरचे ‘कलर फास्ट’ हेही याच जातीचे. दुकानदार ‘रंग पक्का आहे, जाणार नाही’ असे म्हणतो, तेच याचे अचूक भाषांतर होय. ‘जलद रंग’ किंवा ‘भडक रंग’ असे लिहिणे चूक. वस्त्रोद्योगात हा पक्केपणा मोजला जातो, धुण्यासाठी 1 ते 5 आणि उन्हासाठी 1 ते 8 अशा श्रेणींनी. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, पटकन झोपी गेलेला नव्हे. ‘हार्ड अँड फास्ट नियम नाही’ असे आपण मराठीत बोलतानाही सहज म्हणतो. ही जोडी खलाशांच्या बोलीतली, जमिनीला लागून घट्ट रुतून बसलेल्या जहाजासाठी वापरली जाणारी.

मग घट्टपणातून वेग आला कुठून? याचे उत्तर आपल्या ‘जोरात’ या शब्दात सापडते. जोर म्हणजे ताकद, तरीही ‘जोरात पळ’ म्हटल्यावर ऐकणारा वेग वाढवतो. इंग्रजीतही ‘घट्टपणे’, ‘नेटाने’, ‘जोराने’ अशा पायऱ्यांनी सुमारे 1300 सालापर्यंत ‘वेगाने’ हा अर्थ रूढ झाला होता.

उपवासाचा ‘फास्ट’ हा योगायोगाने सारखा दिसणारा निराळा शब्द आहे, असे समजणे ही आणखी एक चूक. तोही त्याच मुळाचा, नियम घट्ट धरून ठेवणे या अर्थाचा. आपणही उपास ‘धरतो’ आणि ‘सोडतो’, त्यामुळे मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. रात्रभराचा हा उपास सोडणे म्हणजे ब्रेकफास्ट; घाईघाईने उरकण्याशी त्याचा संबंध नाही, आणि त्याचा उच्चारही ‘ब्रेकफस्ट’च्या जवळ जाणारा आहे. रक्ततपासणीतले ‘फास्टिंग’ही अर्थात हेच.

लिहिताना हमखास होणारी चूक म्हणजे ‘फास्टली’. ‘स्लोली’ चालते म्हणून हेही चालेल असे वाटते खरे, परंतु आजच्या प्रमाण इंग्रजीत क्रियाविशेषण म्हणूनही ‘फास्ट’ असेच लिहितात. तसेच ‘घड्याळ फास्ट आहे’ याचा अर्थ ते पुढे आहे, एवढाच. ते अगदी योग्य गतीने चालत असूनही पाच मिनिटे पुढे असू शकते.

जर्मन शिकणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. तिथे ‘घट्ट’चा अर्थ सरकत सरकत ‘अगदी लगत’ आणि तिथून ‘जवळजवळ’ असा झाला. त्यामुळे ‘फास्ट आल्ले’ हे शब्द कानी पडले, तर कोणी घाई करत आहे असे समजू नये; बोलणारा ‘जवळजवळ सगळे’ एवढेच म्हणत असतो.