कुजलेली तुळई बदलताना या चुका टाळा

तुळई कुजलेली दिसली की लोक आधी सुताराला बोलावतात. आधी शोधायचं ते पाणी. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. छपराची गळती किंवा न्हाणीघराची ओल तशीच ठेवून नवं लाकूड बसवलंत, तर तेही त्याच जागी कुजेल.

डोळ्यांवर विसंबू नका. रंग दिलेली तुळई आतून पोकळ असू शकते. टोच्या खुपसून थोडं लाकूड उचकटून बघा. चांगल्या लाकडाची लांब, धागेदार सल निघते; कुजलेल्याचा तुकडा कट्कन आखूड तुटतो. भिंतीत गेलेलं टोक तर हमखास तपासा. कापताना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे निदान फूटभर जा.

खरा धोका टेकूचा. जुना खांब सोडवण्याआधी भार दुसरीकडे गेलेला हवा आणि तो थेट जमिनीपर्यंत पोचायला हवा. नुसत्या फरशीवर टेकू उभा केला तर फरशी फुटते, म्हणून खाली जाड, रुंद फळी घाला. वर्षानुवर्षं खचत आलेली तुळई एका दुपारात जॅकने सरळ करायला गेलात तर गिलाव्याला तडे जातात, दारं अडकतात, सांधे उखडतात. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरे. हायड्रॉलिक जॅकवर भार सोडून घरी जाऊ नका, सील गळलं की तो हळूहळू बसतो. उचललं तेवढं लगेच पक्क्या टेकूवर घ्या. तुळईवर भिंत उभी असेल किंवा ओळीने खांब कुजले असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातच लावू नका.

पोकळीत लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं ही दुरुस्ती नव्हे, पुट्टी भार घेत नाही. शेजारी नवी तुळई जोडायची तर ती चांगल्या लाकडात लांबवर न्या आणि आरपार बोल्टने आवळा. नुसत्या खिळ्यांवर भागत नाही. लाकूड सुकलेलं घ्या. ओलं आकसतं आणि बोल्ट ढिले पडतात.

कापलेल्या टोकांना बुरशीरोधक लावायचं राहून जातं, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. ते टोक भिंतीत सिमेंटने चिणू नका. भोवती बोटभर मोकळी जागा सोडा, म्हणजे हवा खेळेल.