सलाईनमधल्या अँटिबायोटिकचं बिल: युनिट मोजल्याशिवाय पैसे भरू नका

अमेरिकेत आल्यावर सोशल सिक्युरिटी, लायसन्स, अपार्टमेंट यांबद्दल सांगायला शंभर जण पुढे येतात. हॉस्पिटलच्या बिलाबद्दल मात्र आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही. आजारपण चारचौघांत सांगायचं नाही ही आपली सवय इथे महागात पडते, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट: घरी आलेलं पहिलं बिल भरायचं नाही. आधी विमा कंपनीचा ईओबी, म्हणजे विम्याने किती दिलं आणि तुमच्या वाट्याला किती आलं ते सांगणारा कागद, येऊ द्या. मग हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला फोन करून कोडसकट 'आयटमाइज्ड बिल', म्हणजे प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळ असलेलं बिल, मागा. नुसतं 'फार्मसी' आणि समोर एक रक्कम, एवढ्यावर समाधान मानू नका.

इंजेक्शनच्या बहुतेक औषधांना जे अक्षराने सुरू होणारा कोड असतो. सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचा जे०६९६. या कोडचं एक युनिट म्हणजे २५० मिलिग्रॅम. त्यामुळे एक ग्रॅमचा डोस दिला तर बिलावर ४ युनिट हवेत, दोन ग्रॅम दिले तर ८. सेफाझोलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा जे०६९०, त्याचं युनिट ५०० मिलिग्रॅमचं. मेरोपेनेम या तिसऱ्याचा जे२१८५, युनिट १०० मिलिग्रॅमचं, म्हणजे एका ग्रॅमला १० युनिट बरोबरच आहेत. आकडा मोठा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. आधी त्या कोडचं युनिट किती मिलिग्रॅमचं, ते बघा.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला पायाला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग, झाला. दोन दिवस रोज एक ग्रॅम सेफ्ट्रियाक्सोन, म्हणजे एकूण ८ युनिट. बिलावर मात्र प्रत्येक दिवसापुढे ८, एकूण १६. त्याचा डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) पुरा व्हायचा होता, त्यामुळे सगळं त्याच्याच खिशातून. बिल आलं त्याच संध्याकाळी त्याने क्रेडिट कार्डाने भरून टाकलं, कारण कुणीतरी सांगितलं होतं की उशीर झाला तर क्रेडिट खराब होईल आणि ग्रीन कार्डाला अडचण येईल. पुढे चूक कबूल झाली, पण पैसे परत यायला महिने गेले. भरण्याआधी हरकत घेतली असती तर बिल तिथेच थांबलं असतं. असल्या ऐकीव भीतीने आपली माणसं फार पैसे घालवतात. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्या थकलेलं वैद्यकीय बिल एक वर्ष रिपोर्टवर घेत नाहीत आणि २०२३ पासून ५०० डॉलरच्या आतली वसुली दाखवतच नाहीत. तेव्हा हरकत घ्यायला भरपूर वेळ आहे. भरू नका, आधी मोजा.

मोजायचं कशावरून? नर्सने कोणता डोस किती वाजता दिला याची नोंद हॉस्पिटलकडे असते, तिला एमएआर म्हणतात. स्वतःचे कागद मागण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. त्यातला डोस आणि बिलावरचे युनिट शेजारी ठेवा. सलाईन सुरू आणि बंद झाल्याची वेळही बघा. शिरेतून औषध देण्याचे पैसे वेगळे लागतात: पहिल्या तासाला ९६३६५ हा कोड, पण औषध १५ मिनिटांत किंवा त्याआधी संपलं असेल तर तो 'पुश' धरतात, त्याचा कोड ९६३७४. औषधाच्या ओळीत कोडला जेडब्ल्यू ही अक्षरं जोडलेली असतील तर कुपीत उरलेलं, फेकून दिलेलं औषध तुमच्या नावावर लावलं आहे. एक ग्रॅमची कुपी पूर्ण वापरल्यावर ते कसं आलं, हे विचारा.

हा हिशेब इमर्जन्सी, इन्फ्युजन सेंटर (सलाईनमधून औषध देऊन घरी पाठवणारी जागा) आणि ऑब्झर्व्हेशन (अ‍ॅडमिट न करता देखरेखीखाली ठेवणं) यांसाठी. ऑब्झर्व्हेशनमध्ये दोन रात्री काढल्या तरी कागदोपत्री तुम्ही बाह्यरुग्णच असता, म्हणून आपण ऑब्झर्व्हेशनमध्ये आहोत की अ‍ॅडमिट, हे तिथेच विचारून घ्या. रीतसर अ‍ॅडमिट असाल तर बऱ्याचदा आजारानुसार एकगठ्ठा रक्कम ठरते आणि औषधाच्या युनिटने फारसा फरक पडत नाही. डॉक्टरचं बिल वेगळं येतं.

फोनवर बोलताना समोरच्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. ही माणसं मदत करतात, माझा अनुभव चांगला आहे. फक्त आपण नेमकं विचारावं लागतं.

आई-बाबा येणार असतील तर व्हिजिटर विमा घेताना ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी टाळा. तरीही बिल झेपण्यापलीकडचं झालं, तर ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज करता येतो. फॉर्म मागून घ्या, लाजू नका.