हेडलाइटचा एच-फोर बल्ब घरी बदलताना

जुन्या ऑल्टो, वॅगनआरसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटला एच-फोर बल्ब असतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट, अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) एकाच काचेत. ज्या गाड्यांत अप्पर आणि डिपर वेगळे असतात तिथे बहुधा एच-सेव्हन किंवा एच-वन सापडतो. दुकानात गाडीचं मॉडेल सांगण्यापेक्षा जुना बल्ब काढून त्याच्या पत्र्यावरचा नंबर वाचलेला बरा. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकार निघतात.

आधी बल्बच गेलाय का ते बघा. एकाच बाजूचा डिपर बंद आणि अप्पर चालू, तर बहुधा फिलामेंट तुटलेली असते. दोन्ही बाजूंचे डिपर एकदम गेले तर बल्बवर खर्च करण्याआधी फ्यूज, रिले (लाइटला करंट जोडणारा छोटा स्विच) आणि स्टीअरिंगजवळचा स्विच तपासा. दोन बल्ब एकाच वेळी उडणं तसं दुर्मीळच.

लाइट आणि इग्निशन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण हॅलोजनची काच पेटलेली असताना शेकडो अंश तापलेली असते. बॉनेट उघडलं की हेडलाइटच्या पाठीमागे तीन पातींचा कनेक्टर दिसेल. तो कनेक्टरच्या अंगाला धरून सरळ मागे ओढा. वायर धरून ओढाल तर आतली पिन निसटते. घट्ट बसला असेल तर डावी-उजवीकडे किंचित हलवत काढा. एका बाजूला बॅटरी आडवी येते आणि हात आत जात नाही. अशा वेळी मनगट खरचटून घेण्यापेक्षा दहा नंबरच्या पान्याने टर्मिनल (आधी निगेटिव्ह) आणि क्लॅम्प सोडवून बॅटरी बाजूला ठेवलेली परवडते.

मग रबरी टोपी, म्हणजे बूट, कडेच्या जिभेला धरून काढा. आत बल्बला दाबून ठेवणारी तारेची क्लिप असते. ती आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. क्लिप कुठल्या खाचेत अडकली होती ते आधी नीट पाहून घ्या, मोबाइलवर फोटो काढलात तर उत्तमच. नवीन बल्ब बसवल्यावर अर्धा वेळ ही तारच खाते.

नवीन बल्ब धातूच्या बुडाला धरूनच उचला. काचेला बोट लागलं तर त्वचेचं तेल आणि मीठ काचेवर राहतं, बल्ब तापल्यावर त्या जागेची काच कमजोर होते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

बसवताना बुडाच्या कडेचे तीन कान पाहा. एक रुंद असतो, तो वर येतो. उरलेले दोन खाली दोन्ही बाजूंना. बल्ब खाचांत बसला की जराही डुगडुगत नाही. कान नीट न बसवता क्लिप जबरदस्तीने लावली, तर लाइट लागतो खरा, पण प्रकाश झाडांवर जातो. याचं कारण बल्बच्या आतच आहे: डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, तीच वर जाणारा प्रकाश अडवते. बल्ब तिरका बसला की वाटीही तिरकी.

क्लिप लावा, रबरी बूट बसवा. बूटवर ‘टॉप’ लिहिलेलं असेल तर ती बाजू वरच हवी, आणि कड सगळीकडून दाबून बघा. इथे आळस केला तर पहिल्याच मोठ्या पावसात काचेच्या आत बाष्प धरतं आणि मग रिफ्लेक्टर काळवंडतो. शेवटी कनेक्टर. तो पिवळसर, वितळलेला किंवा पाती काळ्या पडलेल्या दिसल्या तर बल्ब बदलून उपयोग नाही, कारण ढिल्या जोडणीतच उष्णता तयार होते. नवा कनेक्टर, म्हणजे होल्डर, लावून घ्या.

दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदलणं शहाणपणाचं. हॅलोजन वापरता वापरता मंद होतो, त्यामुळे एक नवा, एक जुना ठेवला तर रस्ता अर्धाच दिसतो.

१००/९० वॅटच्या बल्बचा मोह टाळा. ५५ वॅटला साधारण ४.६ अँपिअर लागतात, ९० वॅटला ७.५. मूळ वायर आणि होल्डर त्या हिशेबाने बनवलेले नसतात, म्हणून ते वितळतात. साध्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला तर प्रकाश योग्य जागेवरून निघत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात रात्री याचा त्रास प्रत्येकाने भोगलाय.

काम झाल्यावर सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा, आतलं लेव्हलिंगचं (झोत वर-खाली करणारं) चाक शून्यावर, टायरची हवा ठीक. डिपर लावला की प्रकाशाची वरची कड भिंतीवर स्पष्ट दिसते: उजवीकडे आडवी, डावीकडे वर चढत गेलेली. आडवा भाग हेडलाइटच्या मध्यापासून सुमारे ५ सेंमी खाली असावा, म्हणजे १ टक्का उतार. बऱ्याच हेडलाइटवर हा टक्का छापलेला असतो, तोच धरा. फरक असेल तर पाठीमागचा पांढरा ॲडजस्टिंग स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि प्रत्येक वेळी भिंतीकडे बघा.