बोअरच्या नोंदींवरून जमिनीखालचं त्रिमितीय मॉडेल करताय? या चुका टाळा

मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या बोअरच्या नोंदी गोळा केल्या की भूगर्भाचं त्रिमितीय मॉडेल आता साध्या लॅपटॉपवरही उभं राहतं. ते जितकं देखणं दिसेल, तितकं जास्त तपासा.

सगळ्यात महागात पडते ती लाल थराची चूक. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधे बऱ्याचदा लाल मातीचा पट्टा असतो. बोअरमधून लाल चुरा उडाला की तो कुणालाही कळतो. मग या बोअरमधला लाल पट्टा त्या बोअरमधल्या लाल पट्ट्याला जोडून लोक मोकळे होतात. विल्यम स्मिथनं 1815 साली इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा काढला, तेव्हा थर ओळखायला त्याच्या हाताशी जीवाश्म होते. आपल्या सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, ती सोय जवळजवळ नाही. लाल पट्टे वेगवेगळ्या खोलीवर सापडतात, दिसतात सारखेच आणि मधेच विरूनही जातात. म्हणून अख्खा क्रम जुळवा: खाली कडक काळा पाषाण, वर पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा खडक, त्याच्यावर लाल पट्टा. शेजारी जुनी विहीर असेल तर आधी तिच्यात डोकवा. बोअरचा चुरा वर येताना मिसळतो, विहिरीची उघडी भिंत तशी फसवत नाही.

मॉडेलमध्ये थर एकदम खाली-वर झालेला दिसला? लगेच ‘भ्रंश (खडक तुटून थर वर-खाली सरकल्याची जागा) सापडला’ म्हणू नका, आधी आकडे बघा. मशीनवाला खोली फुटात सांगतो. 200 फूट म्हणजे 61 मीटर; फुटांचा आकडा मीटर म्हणून तर भरला नाही ना? तेही जुळलं तर बोअरच्या तोंडाची उंची तपासा. काही जीपीएस उपकरणं समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही गणिती लंबगोलापासूनची (पृथ्वीचा आकार म्हणून गणितानं मानलेल्या गुळगुळीत पृष्ठभागापासूनची), आणि सोलापूर भागात या दोन्हींत साठ मीटरहून जास्त तफावत येते. एवढ्यात अख्खा लाव्हाप्रवाह मावतो! अर्धे आकडे एका पद्धतीचे नि अर्धे दुसऱ्या, की भ्रंश तयार.

बोअर जागेवरून सरकलेत असं वाटलं तर यूटीएम (मीटरमध्ये जागा सांगणारी नकाशाची पद्धत) झोन 43 उत्तर आहे का, जुन्या टोपोशीटचा (सरकारी भूनकाशाचा) एव्हरेस्ट डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा जुना आधार, बदलून घेतलाय का, ते पाहा. उभं प्रमाण दहापट ताणलं असेल तर तसं चित्रावर लिहा, नाहीतर जवळपास आडवे थरही डोंगरउतारासारखे दिसतात.

शेवटी चार-पाच बोअर मुद्दाम बाजूला ठेवा. बाकीच्यांवरून मॉडेल करा आणि त्या जागी ते काय सांगतं ते ताडून बघा. थर जुळले तरी पाणी कुठे लागेल हे त्यातून कळेलच असं नाही. कडक पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं, आणि दोन बोअरच्या मधली भेग मॉडेलला दिसत नाही.