‘मि तीओ एस्ता लोको, तीओ’: किशोरांच्या बोलीची तुलना करणाऱ्यांसाठी

इंग्रजी आणि स्पॅनिश किशोरांच्या बोलीची तुलना हा विषय मी प्रबंधासाठी निवडला तो गमतीचा वाटला म्हणून. पुढे सहा महिन्यांचे काम टाकून द्यावे लागले, तेव्हा गंमत उतरली. साहित्याची चणचण नाही. लंडनमधील १३ ते १७ वर्षांच्या मुलांची १९९३ साली ध्वनिमुद्रित केलेली, सुमारे ५ लाख शब्दांची संभाषणे नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या ‘कोल्ट’ संग्रहात आहेत. तिथल्याच ‘कोला’ प्रकल्पात माद्रिद, सांतियागो आणि ब्वेनोस आइरेसची मुले बोलतात.

मी फसले ती मोजणीत. संगणकाला ‘लाइक’ आणि ‘तीओ’ शोधायला लावून आलेल्या आकड्यांवर मी अख्खे प्रकरण लिहिले. आता शीर्षकातले वाक्य पाहा: ‘माझा काका वेडा आहे, यार.’ पहिला तीओ नात्यातला, दुसरा निव्वळ समोरच्याचे लक्ष धरून ठेवणारा. माझ्या तक्त्यात दोघेही एकाच रकान्यात बसले होते. ‘लाइक’चे तर विचारूच नका. ‘आय लाइक इट’मधले क्रियापद, ‘लाइक माय ब्रदर’मधला ‘सारखा’ आणि ‘शी वॉज लाइक, नो वे’मधला ‘ती म्हणाली’ हे सगळे मी एकत्र मोजले होते. तुलना करायची होती ती या तिसऱ्या ‘लाइक’ची, आणि त्याचा माद्रिदमधला जोडीदार शब्दकोशातला ‘कोमो’ नसून ‘एन प्लान’ निघाला: ‘ई ला तीआ, एन प्लान, के नो’, म्हणजे ‘आणि ती अशी की, नाही!’ तेव्हा शब्दाला शब्द जोडू नका. तो शब्द त्या वाक्यात कोणते काम करतो ते आधी ठरवा, आणि त्यासाठी प्रत्येक ओळ मागच्या-पुढच्या ओळींसह स्वतः वाचा. याला दुसरा उपाय नाही. आंतरजालावरच्या ‘शंभर स्पॅनिश स्लँग शब्द’ छापाच्या याद्या तर उघडूही नका. मार्गदर्शकही आकडे पाहून खूश होणारा नको, ‘मूळ ओळी दाखव’ म्हणणारा हवा. मला तशा मॅडम लाभल्या, पण उशिरा.

घाबरण्याचे मात्र कारण नाही, कारण मराठी कानाला इथे एक सोय आहे. इंग्रजी ‘मेट’मध्ये, म्हणजे त्यांच्या ‘यार’मध्ये, लिंगभेद दिसत नाही, पण ‘तीओ’ आणि ‘तीआ’ यांतला फरक ‘अरे’ आणि ‘अगं’ म्हणणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मैत्रिणीशी बोलतानाही आपल्या तोंडून ‘अरे’ निघतो, तसा माद्रिदच्या मुलींच्या तोंडून एकमेकींशी बोलताना ‘तीओ’ निघतो, हे मला वर्गातल्या इतरांआधी उमगले.

स्पॅनिश एकच आहे असेही समजू नका. माद्रिदच्या ‘तीओ’च्या जागी मेक्सिकोत ‘वेय’ आणि ब्वेनोस आइरेसमध्ये ‘बोलुदो’ येतो. बोलुदो मित्राला चालतो, अनोळखी माणसाला ती शिवी होते. शिवाय ‘कोल्ट’मधली मुले १९९३ची आहेत आणि ‘कोला’मधली या शतकातली, त्यामुळे सापडलेला फरक भाषांचा की मधल्या वर्षांचा, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहावे लागते. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मॅडमनी तीच ओळ अकरा ठिकाणी लाल शाईने घातली होती.