ठिपका म्हणजे गुणाकार नव्हे: मोलर वस्तुमान काढायची रीत

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, कोणाला नवं नाही. एक टक्का बोर्डो मिश्रणाला (बुरशीवरच्या फवारणीला) १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. आमच्याकडे नववीतलं पोरगंही सांगतं. पण त्याच मोरचुदाचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, काढायला दिलं की वह्या तपासताना जीव तुटतो. कुठे १५९.५, कुठे १८५.५, एका वहीत तर १४,३५५. बरोबर उत्तर २४९.५.

अणुवस्तुमानं आवर्तसारणीतून घ्या: एच (हायड्रोजन) १, सी (कार्बन) १२, एन (नायट्रोजन, म्हणजे नत्र) १४, ओ (ऑक्सिजन) १६, एस (गंधक) ३२, सीए (कॅल्शियम) ४०. क्लोरीनचं ३५.५ आणि तांब्याचं (सीयू) ६३.५ मात्र तसंच ठेवा, पूर्णांकात आणू नका. प्रत्येक अणूचं वस्तुमान गुणिले संख्या, मग बेरीज, एकक ग्रॅम प्रति मोल. पाण्याचं १८. झालं.

कंस आला की आधी आतली बेरीज, मग बाहेरच्या आकड्याने गुणाकार. विझवलेला चुना म्हणजे सीए(ओएच)२. आत १६ अधिक १, म्हणजे १७, दुप्पट ३४, त्यात ४० मिळवले की ७४. बाहेरचा २ फक्त हायड्रोजनला लावणारे ५८ लिहितात. युरिया सीओ(एनएच२)२: आतले १६, दुप्पट ३२, बाहेरचे २८, एकूण ६०. पडताळा घरातच आहे. ६० पैकी नत्राचे दोन अणू, १४ दुणे २८, म्हणजे ४६.७ टक्के, आणि पोत्यावर नत्र ४६ टक्के छापलेलं असतं.

आता ठिपका. मोरचुदाचं सूत्र सीयूएसओ४·५एच२ओ. "मॅडम, ठिपका म्हणजे गुणिलेच नं?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि चूक पोरांची नाही, गणितात त्यांना तसंच शिकवलंय. इथे ठिपका म्हणजे 'सोबत'. स्फटिकात कॉपर सल्फेटच्या एका सूत्राबरोबर पाण्याचे पाच रेणू बसलेले असतात, म्हणून बेरीज करायची. पुढचा ५ मात्र अख्ख्या पाण्याला लागतो, नुसत्या हायड्रोजनला नाही. सीयूएसओ४चे ६३.५, ३२ आणि ६४ मिळून १५९.५. पाण्याचे पाच गुणिले १८, म्हणजे ९०. एकूण २४९.५.

"स्फटिकजल सोडून द्या, ते काही खरं रसायन नाही" असं सांगणारेही भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. ते पाणी तुमच्या तराजूत चढतं. निळा स्फटिक टेस्ट ट्यूबमध्ये तापवा. काचेवर वर थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते. वजनाचे ३६ टक्के निव्वळ पाणी आहे.

हे मला बारावीच्या प्रात्यक्षिकात समजलं. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिली द्रावण करायचं होतं. मी मोलर वस्तुमान ९० धरून २.२५ ग्रॅम तोललं. बाटलीतल्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू होते, म्हणजे १२६. हवे होते ३.१५ ग्रॅम. मग त्या आम्लाला ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या मोजनळीतून, परमँगनेट किती लागतं ते मोजायचं. रीडिंग सगळ्यांचं २० मिलीच्या आसपास आणि माझं १४.३, कारण माझ्या द्रावणात आम्लच कमी होतं. मी ब्युरेट तीनदा धुतली, द्रावण दोनदा बदललं, तरी १४.३च. दोष ब्युरेटचा नव्हता, वहीतल्या पहिल्या ओळीचा होता. संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेली तेव्हा मी अजून प्रयोगशाळेतच होते.

म्हणून माझ्याकडे सूत्र फळ्यावरून उतरवायचं नाही, बाटलीच्या लेबलवरून उतरवायचं. ठिपका असेल तर त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करा, पाण्याची बेरीज वेगळ्या ओळीत लिहा आणि तोलण्याआधी उत्तर लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहा. ऑक्झॅलिक आम्लाच्या बाटलीवर १२६.०७ असं लिहिलेलं असतं. तुमचं ९० आलं असेल तर चमचा खाली ठेवा आणि परत सूत्र वाचा.