घोडबंदरच्या धुळीत गाडीचा पेंट टिकवायचा कसा

ठाण्याच्या घोडबंदर रोडला रोज ये-जा असेल तर गाडीवर जी पांढुरकी धूळ बसते ना त्यात वाळूचे बारीक कण असतात, कोरड्या फडक्याने पुसली की ओरखडे पडणारच, उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, गोल गोल रेघा लगेच दिसतील. सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांनाही सांगा, आधी पाणी मारा मग कपडा.

आठवड्यातून एकदा सावलीत, बॉनेट थंड झाल्यावर धुवा. बादल्या दोन, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी, मायक्रोफायबरचा कपडा दर पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच परत शाम्पूत. वरून खाली या, चाकांना कपडा वेगळा. भांड्यांचा साबण अजिबात नको, पेंटवरचं संरक्षक वॅक्स उतरतं.

कबुतराची घाण दिसली की त्याच दिवशी काढा प्लीज, ती आम्लयुक्त असते आणि उन्हात क्लिअर कोटवर (पेंटवरचा पारदर्शक थर) कायमचा डाग पाडते. ओला कपडा पाच मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या, घासू नका.

वॅक्स 2-3 महिन्यांनी, आणि पावसाळ्याआधी तर नक्कीच. नवी मुंबईत ऐरोली-वाशीकडे खाडीची खारी हवा आहे, त्यामुळे दगड लागून पत्रा उघडा पडला असेल तर तेवढ्या जागी टचअप पेंट लगेच लावा, तिथूनच गंज सुरू होतो.